सुरगाण्याची लाइन

परवा नाशिकमध्ये द्वारकेला उतरलो तर सर्कलच्या कडेला रस्ता खणलेला. त्यात नवल काहीच नाही. पण खड्ड्याशेजारी मोठ्या छत्रीखाली दोन तंत्रज्ञ स्टुलावर छोटंसं मशीन ठेवून बसले होते, म्हणून मी थांबलो. फायबर जोडत होते. केसाएवढ्या बारीक काचेची दोन टोकं त्यांनी मशीनच्या खाचेत समोरासमोर ठेवली, झाकण लावलं. आत ठिणगी पडली आणि हातभर अंतरावरून मला पडद्यावर दिसलं, दोन्ही टोकं वितळून एक झाली होती. सांधा कुठे होता तेही कळेना. मी इतका वेळ वाकून बघत राहिलो की त्यातल्या एकाने विचारलं, "काय काका, कंप्लेंट आहे का?"

"नाही हो. मीही हेच करायचो. आमच्या वेळी तांब्याची तार होती, आणि सांधा चांगला लांबून दिसायचा."

दोघं हसले आणि मला बसायला एक उलटी बादली दिली. नाशिक रोडची बस आली, गेली. मी बादलीवरच.

मी टेलिफोन खात्यात टेस्टरूममध्ये तंत्रज्ञ होतो. टेस्टरूम म्हणजे एक्स्चेंजमधली अशी खोली, जिथे सगळ्या लाइन येऊन तपासल्या जातात. गावातल्या प्रत्येक फोनची नाडी आमच्या टेबलावर बघता यायची. कोणाची तार तुटली, कोणाच्या तारेत पाणी शिरलं, कोणी रिसीव्हर नीट न ठेवता जेवायला बसलंय, सगळं घड्याळासारख्या मीटरच्या काट्यावरून कळायचं. लोक मात्र मला अजूनही विचारतात, "तुमच्या वेळी फोन लागायला दिवस जायचा म्हणे?" जायचा कधी कधी. पण तो लागायचा कसा, हे कोणी विचारत नाही. आज तेवढं सांगतो.

तारेतून आवाज जात नाही. आवाजाची फक्त थरथर जाते. तुम्ही बोलता तेव्हा तोंडासमोरचा पातळ पडदा हलतो, त्याच्यामागे कोळशाचे बारीक कण दबतात-सुटतात, आणि त्यातून जाणारी वीज कमी-जास्त होते. ही कमी-जास्त होणारी वीज पलीकडे एका लोहचुंबकाची ओढ कमी-जास्त करते, ती दुसऱ्या पडद्याला हलवते, आणि पलीकडच्या माणसाच्या कानाशी तुमचा आवाज पुन्हा नव्याने जन्मतो. त्याआधी तारायंत्र होतं, त्यात वीज फक्त चालू आणि बंद, कट्ट-कड, एवढंच. पुढे एकाच तारेवरून अनेकांचं बोलणं एकमेकांत न मिसळता पाठवायची युक्ती निघाली. मग डोंगरावरच्या मनोऱ्यांवरून, मग काचेतून, प्रकाशाच्या लुकलुकण्यातून. मोबाइलला लोक बिनतारी म्हणतात. म्हणोत. तुमचा आवाज हवेतून जातो तो जवळच्या टॉवरपर्यंत. पुढे बहुतेक ठिकाणी त्याच्या पायथ्याशी जमिनीतून फायबर निघते, तीच ही, जी द्वारकेला खड्ड्यात जोडत होते.

आणखी एक गोष्ट, मग गोष्टीला लागतो. विजेला जायला एक तार लागते आणि परत यायला एक. म्हणून खांबांवर नेहमी तारांची जोडी दिसायची. जोडीतली एक तुटली की दुसरी धडधाकट असूनही मुकी.

टेस्टरूमच्या शेजारी काचेच्या दारापलीकडे ट्रंकरूम होती. बाहेरगावचे कॉल तिथून लागायचे. लांबलचक लाकडी बोर्ड, त्यावर भोकांच्या रांगा, एकेक भोक म्हणजे एकेक गावाची लाइन. आणि बोर्डासमोर उंच स्टुलांवर बसलेल्या ऑपरेटर बायका, डोक्याला हेडसेट, हातात दोऱ्या. दोरीचं एक टोक मागणाऱ्याच्या भोकात, दुसरं हव्या त्या गावाच्या भोकात, की झालं जोडून. गिऱ्हाइकंही एकेक. लासलगावचे एक कांद्याचे व्यापारी रोज आमच्या ऑफिसातल्या बूथमधून मुंबईला बोलायचे आणि भाव कोणाला कळू नये म्हणून "मामांची तब्येत" या नावाने बोलायचे. पण लांबचा फोन म्हणजे जोरात बोलायला हवं, अशी त्यांची पक्की समजूत. त्यामुळे बूथचं दार बंद असूनही मामा आज उठून बसलेत की पार झोपलेत, हे रांगेतल्या सगळ्यांना कळायचं. ऑपरेटरला मात्र कोणाचं बोलणं ऐकायची मनाई होती. दोघांना जोडायचं, लाइन साफ आहे एवढं बघायचं आणि कान बाजूला घ्यायचा. हे किती अवघड असेल, कल्पना करा. दिवसभर शेकडो माणसांची सुखदुःखं आपल्या हातातल्या दोरीतून चाललेली, आणि आपण त्यात नसायचं.

सुमनताई पवार या कामात वाकबगार होत्या. मूळच्या देवळालीच्या. बारीक अंगकाठी, केसांचा घट्ट अंबाडा, आणि आवाज असा की मोठा नाही पण अगदी टोकदार. त्या "बोला" म्हणाल्या की समोरचा माणूस आपोआप मुद्द्याचं बोलायला लागायचा. त्यांच्याशी माझं काम रोजचं. "देवरेभाऊ, वणीची लाइन खरखरतेय, बघा जरा." मी बघायचो. एवढंच. त्या किती मोठ्या ऑपरेटर आहेत, ते मला एका पावसाळी दिवशी कळलं.

श्रावण सरत आला होता. घाटमाथ्यावर आठवडाभर झड लागली होती. सुरगाण्याची लाइन सकाळपासून नरम होती. ही आमची सगळ्यात नाजूक लाइन. नाशिकहून दिंडोरी, वणी, आणि पुढे डोंगरातून, सागाच्या रानातून, ओढे-नाले ओलांडत गेलेली उघड्या तारांची एकच जोडी. त्या टोकाला सुरगाण्यात छोटं एक्स्चेंज होतं आणि ते सांभाळायला चौरे नावाचा एकच माणूस. मी त्याला कधी पाहिलं नव्हतं. आवाजाने मात्र वर्षानुवर्षांची ओळख. त्या टोकाला तो, या टोकाला मी.

जेवणाच्या सुट्टीच्या आधी सुमनताईंच्या बोर्डावर सुरगाण्याचा दिवा लागला. चौरे म्हणाला, "नाशिक, लायटनिंग कॉल घ्या. सरकारी दवाखान्यातून. लय अर्जंट हाय." लायटनिंग म्हणजे सगळ्यांच्या आधी, बाकीचे कॉल बाजूला सारून द्यायचा कॉल. तो कोणी उगीच मागत नसे. मागणाऱ्या होत्या तिथल्या नर्स, कमल सिस्टर. त्यांचे डॉक्टर आदल्या दिवशी नाशिकला मीटिंगला आले होते आणि वणीच्या पुढे पुलावरून पाणी गेल्याने नाशिकलाच अडकले होते. दवाखान्यात सिस्टर एकट्या. आणि समोर यमुना नावाची एक तरुण बाई. नवऱ्याने आणि दिराने तिला बांबूला घोंगडी बांधून, झोळीतून, पाड्यावरून उचलून आणलं होतं. तोंडातून पाण्याची धार, अंगाला घाम, छातीत घरघर, शुद्ध येते-जाते.

एवढं सांगून होतंय तोच लाइन मेली.

सुमनताईंनी दोरी काढून पुन्हा लावली, पुन्हा घंटी दिली. काही नाही. मग काचेच्या दारातून त्यांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं आणि लगेच दुसऱ्या हाताने शहरातले नंबर लावायला लागल्या. डॉक्टर कुठल्या मीटिंगला असतील याचा अंदाज घेत एकेक सरकारी कचेरी. "सुरगाण्याचे डॉक्टर आहेत का तिथे? त्यांना म्हणावं, टेलिफोन ऑफिसात या. फोनवर नको. इथे या." हे त्यांनी का म्हटलं, ते मला तेव्हा कळलं नाही. त्यांना बहुधा माहीत होतं की लाइन आली तरी ती धड येणार नाही.

मी वणीच्या माणसाला गाठलं. वणीपर्यंत दोन्ही तारा ठीक. पुढे तपासलं तर एक तार जिवंत, दुसरी तुटलेली. वणीचा लाइनमन खांद्यावर तारेचं वेटोळं घेऊन निघालाच होता, पण त्या रानात, त्या पावसात तुटलेली जागा शोधायला संध्याकाळ होणार हे उघड होतं.

अशा वेळी एक जुनी युक्ती असते. परत यायची तार तुटली तर तिचं काम जमिनीला द्यायचं. जमीन ओली असेल तर वीज तिच्यातूनही परत येते. दोन्ही टोकांना लाइनची एक बाजू जमिनीत गाडलेल्या पट्टीला जोडायची आणि उरलेल्या एका तारेवर बोलायचं. आवाज फार क्षीण येतो, आणि जमिनीतली, आकाशातली, आजूबाजूच्या विजेच्या तारांतली सगळी गुणगुण त्यात येऊन मिसळते. पण लाइन मरत नाही. अडचण एकच. हे दोन्ही टोकांना करावं लागतं. माझं टोक माझ्या हातात होतं. चौरेला कसं सांगणार? सांगायचं साधनच तुटलं होतं.

मी माझं टोक जमिनीला जोडलं. दुसरं काय करणार? हेडफोन कानाला लावून बसलो. समुद्राकाठी ऐकू यावा तसा घोंघाट. आणि थोड्या वेळाने, त्या घोंघाटात, टक्क. पुन्हा टक्क, टक्क. कोणीतरी त्या टोकाला तार जमिनीच्या पट्टीला लावत होतं, काढत होतं, लावत होतं. चौरे! त्याला तेच सुचलं होतं. डोंगरापलीकडे बसून त्याने ताडलं होतं की देवरे आता हेच करेल, म्हणून त्याने त्याचं टोक जोडलं. मी खुर्चीतून उठूनच ओरडलो, "सुमनताई, सुरगाणा घ्या!"

डॉक्टर एव्हाना पोचले होते. कुणाच्या तरी स्कूटरवर मागे बसून, नखशिखांत भिजून. चाळिशीचे, धिप्पाड, घोगऱ्या आवाजाचे. ट्रंकरूममध्ये बाहेरच्या माणसाला येऊ द्यायचं नाही असा कडक नियम. पण सुपरवायझर बाईंनी स्वतः दार उघडून त्यांना आत घेतलं आणि एका ऑपरेटरचा हेडसेट काढून दिला. डॉक्टर ओरडून बोलायला लागले. "सिस्टर! हॅलो सिस्टर! डोळे बघा तिचे!" त्यांचा खर्ज त्या घोंघाटात पार बुडून गेला. पलीकडून "काय? काय?" एवढंच, तेही अगदी दुरून.

सुमनताईंनी हात वर केला. "डॉक्टर, तुम्ही मला सांगा. मी सांगते त्यांना."

जाड आवाज अशा गुणगुणीत हरवतो, बारीक टोकदार आवाज तिला चिरून जातो. हे आम्हाला कामातून माहीत. शिवाय ऑपरेटरचा कान वर्षानुवर्षं खरखरीतून शब्द वेचायला शिकलेला असतो. म्हणून मग असं ठरलं. सिस्टरचं बोलणं सुमनताई ऐकणार, डॉक्टरांना सांगणार. डॉक्टरांचं त्या सिस्टरना सांगणार. आयुष्यभर ज्या बाईने दुसऱ्यांच्या बोलण्यातून स्वतःला बाजूला ठेवलं, तिला आता प्रत्येक शब्द स्वतःच्या तोंडाने बोलायचा होता.

"सुरगाणा, नाशिक बोलतेय," सुमनताई म्हणाल्या. ओरडल्या नाहीत. एकेक शब्द सुटा करून, जणू प्रत्येक शब्द उचलून समोर ठेवत. "सिस्टर. डॉक्टर माझ्याजवळ उभे आहेत. मी म्हणेन ते त्यांचं बोलणं. कळलं तर 'हो' म्हणा."

मग त्यांनी डोळे मिटले, हेडसेट दोन्ही हातांनी कानाशी दाबला आणि म्हणाल्या, "हो म्हणाल्या."

"डोळ्यांच्या बाहुल्या कशा आहेत?" डॉक्टरांनी विचारलं.

"बाहुल्या. डोळ्यांच्या. कशा आहेत?... बारीक. टाचणीच्या डोक्याएवढ्या म्हणतायत."

"घरात फवारणीचं औषध होतं का विचारा. नवऱ्याला विचारा."

पलीकडे वेळ लागला. नवरा बोलत असणार, सिस्टर समजून घेत असणार. मग सुमनताई हळूहळू, ऐकत ऐकत सांगायला लागल्या. यमुनाचा नवरा दिंडोरीकडे द्राक्षबागेत कामाला होता. परत येताना बागेतला फवारणीच्या औषधाचा एक रिकामा डबा घेऊन आला. चांगला घट्ट झाकणाचा. धुतला, घासला, आणि घरात पाण्याला ठेवला. इतरांनी अजून त्यातलं पाणी घेतलं नव्हतं. यमुना सकाळी प्यायली.

डॉक्टरांनी मान हलवली. "आलं लक्षात. सिस्टरना म्हणावं, तिचे कपडे काढून अंग साबणाने धुवा, केसही. कुशीवर ठेवा, तोंडातलं पाणी पुसत राहा. आणि कपाटात ॲट्रोपिन आहे, ते काढा."

पुढचा सगळा वेळ मी काचेच्या दारात उभा होतो. माझं काम एकच. काटा बघायचा आणि लाइन ढासळू लागली की जोडणी सावरायची. त्यामुळे सगळं पाहता आलं. डॉक्टर भिजल्या कपड्यांनी सुमनताईंच्या स्टुलाशेजारी उभे. बाकीच्या ऑपरेटर आपापले कॉल खालच्या आवाजात उरकत होत्या. सुरगाण्याच्या बाकी सगळ्या कॉलवाल्यांना "लाइन बिझी आहे" एवढंच सांगितलं जात होतं. आणि मधोमध सुमनताई. तिकडे सिस्टरनी काय केलं तेही आम्हाला मागून कळलं. दवाखान्यातला फोन डॉक्टरांच्या टेबलावर होता आणि त्याची वायर तोकडी. म्हणून त्यांनी यमुनाची खाटच ओढत टेबलापाशी आणली आणि नवऱ्याला रिसीव्हर आपल्या कानाशी धरायला लावला, म्हणजे दोन्ही हात मोकळे.

विषावरच्या या उताऱ्याच्या औषधाचं असं की ते एकदा देऊन भागत नाही. द्यायचं, बघायचं, पुन्हा द्यायचं. छातीतली घरघर थांबेपर्यंत, तोंड कोरडं पडेपर्यंत. म्हणजे तिकडे डोळे हवेत आणि इकडे निर्णय. "नाडी?" "घरघर कमी झाली का?" "पुन्हा एक द्या." "आता थांबा." डॉक्टर विचारायचे, सुमनताई बोलायच्या, ऐकायच्या, सांगायच्या. एक शब्द इकडचा तिकडे झाला नाही. डॉक्टर एकदा गडबडीत चटकन काहीतरी इंग्रजीत म्हणाले. सुमनताईंनी तिकडे काहीच सांगितलं नाही. वळून म्हणाल्या, "मराठीत सांगा डॉक्टर. आणि हळू. मला नाही समजलं तर मी ते पुढे देणार नाही." डॉक्टर "सॉरी, सॉरी" म्हणाले आणि नीट सांगितलं.

मग जे व्हायचं ते झालं. सुमनताई ऐकता ऐकता एकदम थांबल्या. "औषध संपत आलंय म्हणतायत. थोडंच उरलंय."

डॉक्टरांनी दोन्ही हात डोक्यावर ठेवले. पूल पाण्याखाली. नाशिकहून पाठवायचं तर कशाने? मग ते अचानक म्हणाले, "गुरांचा दवाखाना! तिथेही हेच औषध असतं. जनावरांना फवारणीची बाधा होते ना. सिस्टरना सांगा, गुरांच्या दवाखान्यातून आणा."

सुमनताईंनी तोंड उघडलं आणि मिटलं. त्यांनी डॉक्टरांकडे रोखून पाहिलं. "गुरांच्याच ना?"

"गुरांच्याच. माणसाला चालतं. किती द्यायचं ते मी सांगतो, बाटलीवर काय लिहिलंय ते आधी वाचून दाखवू द्या."

"सिस्टर," सुमनताई म्हणाल्या, "नीट ऐका. गुरांचा दवाखाना. गुरांचा. हो, बरोबर ऐकलंत. मीही विचारून घेतलंय."

यमुनाचा दीर पावसात पळत गेला. तिथल्या पशुवैद्य डॉक्टरांनी काही न विचारता कपाटच उघडून दिलं आणि स्वतःही त्याच्यामागे पळत आले, हे नंतर कळलं. आम्हाला तेव्हा फक्त घोंघाट. सुमनताई डोळे मिटून बसलेल्या. मधूनच त्या हलकेच म्हणायच्या, "सिस्टर, मी आहे. लाइनवर आहे." त्या टोकाला एकट्या बाईला वाट पाहताना दुसऱ्या टोकाला कोणीतरी आहे हे कळावं म्हणून. हे डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं. हे त्यांचं स्वतःचं बोलणं. मी मोजकी माणसं पाहिली आहेत ज्यांना नियम कुठे संपतो हे कळतं. त्यातल्या त्या एक.

औषध आलं. बाटलीवरची अक्षरं सिस्टरनी एकेक करून वाचली, सुमनताईंनी एकेक करून डॉक्टरांना सांगितली, डॉक्टरांनी हिशोब केला, आणि पुन्हा तेच सुरू झालं. द्या. बघा. थांबा. द्या. सुपरवायझर बाईंनी दुसरी ऑपरेटर बदली द्यायचा विचार केला, तर सुमनताईंनी बोट हलवून नको म्हटलं. सिस्टरच्या कानाला आता हा एक आवाज बसला होता. तो बदलला असता तर पुन्हा पहिल्यापासून.

हळूहळू उत्तरं बदलायला लागली. "घरघर कमी आहे म्हणतायत." मग, "तोंड कोरडं पडलंय." मग बऱ्याच वेळाने सुमनताईंनी डोळे उघडले आणि म्हणाल्या, "पाणी मागतेय म्हणतायत. यमुना पाणी मागतेय."

डॉक्टर खालीच बसले. ट्रंकरूमच्या फरशीवर, बोर्डाला पाठ टेकून.

तेवढ्यात माझ्या मीटरचा काटा झपकन जागेवर आला. रानात कुठेतरी एका ओढ्याच्या काठी त्या लाइनमनने तुटलेली टोकं जोडली होती. घोंघाट गेला. लाइन काचेसारखी स्वच्छ. मी जमिनीची जोडणी काढली आणि डॉक्टरांना म्हणालो, "आता तुम्ही बोला. आता ऐकू येईल." त्यांनी हेडसेट लावला. "सिस्टर, मी बोलतोय."

पलीकडचं आता हेडसेटबाहेर आम्हाला सगळ्यांनाच ऐकू आलं. सिस्टर म्हणाल्या, "सर, तुम्ही थांबा जरा. आधी त्या बाईंना द्या."

सुमनताईंनी हेडसेट घेतला. बोलायला गेल्या तर आवाजच फुटेना. घसा पार गेला होता. त्या नुसत्या हसल्या आणि दोनदा कळ दाबून घंटी दिली. आमच्याकडे तिचा अर्थ, ऐकतोय.

त्यानंतर आठवडाभर सुमनताई बोर्डावर बसू शकल्या नाहीत. त्यांना कॉलच्या नोंदींची तिकिटं लावायच्या टेबलावर बसवलं. खात्याने शाबासकीचा कागद दिला. तो त्यांनी कुठे ठेवला मला माहीत नाही. त्या स्वतः यावर कधी बोलल्या नाहीत. पुढे काही वर्षांत लोक घरूनच परगावचे नंबर फिरवायला लागले, ट्रंकरूमची गरज उरली नाही, बोर्ड उकलून भंगारात गेला. तो उचलून नेताना मी पाहिलं. त्याची एखादी दोरी मागून घ्यायला हवी होती असं अजून वाटतं. तांत्रिकदृष्ट्या जे झालं ते योग्यच झालं. मशीन जोडतं ते बिनचूक, क्षणात, आणि थकत नाही. द्वारकेच्या त्या दोघांचं काम पाहताना मला कौतुकच वाटत होतं. सुमनताई आता मुलीकडे अंबडला असतात. मी फोन करतो. आवाज अजून तसाच, टोकदार.

पण त्या वर्षीचं एक राहिलंय.

दिवाळी झाली होती. एका दुपारी आमच्या गेटवरचा वॉचमन वर आला. चेहऱ्यावर वैताग. "साहेब, खाली एक बाई आल्यात. म्हणतात, नाशिकला भेटायचंय. मी म्हटलं बाई, हे अख्खं नाशिकच हाय, कोणाला भेटायचंय? तर म्हणतात, फोनवरच्या नाशिकला."

ऑपरेटर एकमेकींना गावाच्या नावानेच हाक मारत. लाइनवर नाव सांगायची पद्धत नव्हती. सुमनताईंनी त्या दिवशी इतका वेळ बोलून स्वतःचं नाव एकदाही सांगितलं नव्हतं.

मी खाली गेलो. पांढऱ्या साडीतल्या, गोल चेहऱ्याच्या कमल सिस्टर उभ्या होत्या. त्यांच्या मागे नऊवारी गुडघ्यापर्यंत नेसलेली, किडकिडीत, मोठ्या डोळ्यांची एक मुलगीच म्हणावी अशी बाई. तिला नाशिकला तपासणीसाठी आणलं होतं. तिच्या हातात फडक्यात बांधलेलं काहीतरी. नवीन भाताचे तांदूळ.

सुपरवायझर बाईंनी दुसऱ्यांदा नियम मोडला. आम्ही आत गेलो तेव्हा सुमनताई एक कॉल जोडत होत्या. सिस्टर त्यांच्या मागे उभ्या राहिल्या. कॉल जोडून झाल्यावर सुमनताई पुढच्या गावाला "बोला" म्हणाल्या, आणि सिस्टरनी तोंडावर पदर घेतला. त्या आवाजावरून त्यांनी माणूस ओळखलं होतं. सुमनताईंनी वळून पाहिलं. दोघींचं बोलून झालेलंच होतं.

यमुना मात्र बोर्डाकडे बघत होती. एवढी भोकं, एवढ्या दोऱ्या, लुकलुकणारे दिवे. तिने तांदळाचं फडकं सुमनताईंच्या मांडीवर ठेवलं आणि विचारलं, "आमचं गाव कुठं हाय यात?"

सुमनताईंनी तिचं बोट धरून सुरगाण्याच्या भोकावर ठेवलं. मग दोरी घेतली, लावली, घंटी दिली. स्वतःचा हेडसेट काढून यमुनाच्या डोक्याला बसवला, तिचा पदर सारखा केला. पलीकडून चौरेचा आवाज आला असणार, कारण यमुना दचकली आणि जोरात ओरडली, "ओ दादा!"

अख्खी ट्रंकरूम तिच्याकडे बघायला लागली.

"हळू बोल गं," सुमनताई म्हणाल्या. "आता हळू बोललेलंही तिथं पोचतं."

यमुनाने त्यांच्याकडे पाहिलं, मान हलवली, आवाज अगदी खाली आणला आणि दोन्ही हातांनी हेडसेट कानाशी दाबून धरत म्हणाली, "दादा, मी यमुना. बेस हाय. नाशिकहून बोलते."